आत्याच्या बावीस वह्या: रद्दीत द्यायच्या, साफसूफ करून छापायच्या, की तशाच ठेवायच्या?

पत्र:

"ताई, मी चार वर्षं झाली नोकरीसाठी जर्मनीत मागदेबुर्गला आहे. माझी आत्या मागच्या वर्षी कराडला वारली. हायस्कूलला मराठी शिकवायची, यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही, मृत्युपत्र नाही. तिच्या कपाटात डायरीच्या २२ वह्या निघाल्या आणि एक कादंबरी, चारशेच्या वर फुलस्केप, शेवटचं प्रकरण अर्धवट. वह्यांत शाळेतल्या एका माणसाबद्दल पुष्कळ आहे, माझ्या बाबांबद्दल चांगलं काही नाही. बाबा म्हणतात रद्दीत द्या. चुलतबहीण म्हणते 'तसलं' काढून टाकून छापू, आत्याचं नाव होईल. एका प्रकाशकाला दाखवलं तर ते म्हणाले शेवट तुम्हीच लिहा आणि दीडशे पानं कमी करा, खर्च तुमचा. मी इथे आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना हे सांगितलं तर त्यांनी ब्रिगिटे रायमान या जर्मन लेखिकेच्या डायरीचे दोन जाड खंड हातात दिले, म्हणाल्या आधी हे वाच. माझं जर्मन तेवढं नाही हो. काय करू? ता.क. एका वहीत माझ्याबद्दलही पानभर आहे. ते मी कुणाला दाखवलेलं नाही, आणि खरं सांगते, ते पान फाडावंसं वाटलं होतं."

उत्तर:

अगं, हे पुढचं वाचायच्या आधी बाबांना फोन लाव आणि सांग की मी येईपर्यंत एकही वही घराबाहेर जाणार नाही, रद्दीवाला महिन्यातून एकदा येतो आणि त्याला कुणी थांबवत नाही, आपल्याकडे निम्मी घरं अशीच रिकामी झालीत. झाला फोन? आता बस.

तुझ्या त्या खालच्या आजी मला फार आवडल्या. स्वतः सल्ला दिला नाही, पुस्तक दिलं. आणि कुणाचं दिलं तर त्यांच्या शेजारच्याच गावातल्या बाईचं, कारण रायमानचं गाव बुर्ग, ते तुझ्या मागदेबुर्गपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, एखाद्या रविवारी लोकल पकडून जाऊन येशील. जर्मनची काळजी करू नकोस, हे दोन्ही खंड इंग्रजीत आलेत आणि गंमत म्हणजे आपल्या कोलकात्याच्या सीगल बुक्सनं काढलेत, पहिला २०१९मध्ये आणि दुसरा २०२१मध्ये. मी तेच वाचलेत, जर्मन मलाही जेमतेम हॉटेलात ऑर्डर देण्यापुरतं येतं. तर आजींनी ही बाई का निवडली असेल ते मला जसं कळलं तसं सांगते, थोडं लांबेल.

ब्रिगिटे रायमान १९३३ची, चार भावंडांत थोरली. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, चालताना एक पाय कायमचा लंगडायला लागला, आणि त्या आजारातच तिनं ठरवून टाकलं की आपण लेखिका व्हायचं. विसाव्या वर्षी पहिलं लग्न. १९५४मध्ये पहिलं मूल जन्मताच गेलं आणि त्याच वर्षी तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. पुढे आणखी तीन लग्नं, म्हणजे एकूण चार, मधेमधे प्रेमप्रकरणं, दारू, उधारी, चांगले कपडे, रात्र रात्र टाइपरायटर. आणि वयाच्या ३९व्या वर्षी, २० फेब्रुवारी १९७३ला, बर्लिनच्या बूख भागातल्या हॉस्पिटलात कॅन्सरनं गेली. मागे एक कादंबरी राहिली, दहा वर्षं लिहीत होती, शेवटचं प्रकरण अपुरं. आणि डायऱ्या.

बघितलंस ना आजींनी का दिली ती?

आता हे सगळं पूर्व जर्मनीतलं, हे डोक्यात ठेव, नाहीतर अर्धी गोष्ट हातातून सुटते. तिथे कुठलंही पुस्तक छापायला सरकारची परवानगी लागायची. आणि रायमान काही सरकारच्या विरोधातली बाई नव्हती, उलट तिचा त्या समाजवादावर मनापासून विश्वास होता, तेच तर तिचं दुखणं. १९५९मध्ये बिटरफेल्डला साहित्यिकांची परिषद झाली, लेखकांनी कारखान्यात जावं आणि कामगारांनी लेखणी धरावी असं ठरलं, आणि ही पुढच्याच वर्षी दुसऱ्या नवऱ्याबरोबर, तोही लेखक, थेट होयर्सवेर्डाला राहायला गेली. तिथे जवळच श्वार्त्से पुम्पे नावाचा, म्हणजे शब्दशः 'काळा पंप', लिग्नाइट कोळशाचा प्रचंड कारखाना उभा राहत होता, आणि त्याच्या कामगारांसाठी एका जुन्या लहानशा गावाशेजारी तयार काँक्रीटच्या स्लॅब जोडून अख्खं नवं शहर उभं करत होते. दोघं नवरा-बायको कामगारांचं लेखन मंडळ चालवायची, आणि ही आठवड्यातून एक दिवस कारखान्यात जाऊन कामगारांच्या ब्रिगेडबरोबर, म्हणजे टोळीबरोबर, काम करायची. १९६१मध्ये तिचं एक पुस्तक आलं, नावाचा अर्थ साधारण 'रोजच्या जगण्यात येऊन पोचणं', आणि ते इतकं गाजलं की त्या काळातल्या तसल्या सगळ्याच पुस्तकांना तिकडे 'पोचण्याचं साहित्य' म्हणायला लागले.

पण पोचल्यावर तिला दिसलं काय तर रांगच्या रांग सारख्या इमारती, झोपायला जागा आहे, पण संध्याकाळी जायला जागा नाही, धड थिएटर नाही, नाचायला हॉल नाही, माणसं दार लावून आत बसलेली. ती यावर जाहीरपणे बोलली, लिहिलंन, भांडली, बर्लिनच्या हेर्मान हेन्सेलमान या मोठ्या आर्किटेक्टशी पत्रव्यवहार चालू केला की शहर माणसासाठी कसं बांधतात ते मला सांगा. त्यातूनच ती कादंबरी, 'फ्रान्सिस्का लिंकरहांड'. फ्रान्सिस्का ही तरुण आर्किटेक्ट, मोठ्या प्रोफेसरच्या हाताखालचं सुखाचं काम सोडून अशाच एका नव्या शहरात येते, स्वप्नं घेऊन, आणि तिथे तिच्या हातात पडतात दर चौरस मीटरचे हिशोब. कधी 'मी' म्हणून सांगते, कधी 'ती' म्हणून, आणि सगळं एका माणसाला उद्देशून, ज्याला ती बेन म्हणते. १९६३च्या सुमाराला सुरुवात केली. मधेच डिसेंबर १९६५मध्ये सत्ताधारी पक्षाची ती कुप्रसिद्ध बैठक झाली, एका फटक्यात कितीतरी सिनेमे डब्यात गेले, पुस्तकं अडली, आणि हिला लिहिणं नकोसं झालं. १९६८ तर विचारूच नकोस. चेकोस्लोव्हाकियात, प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले, लेखक संघानं त्याला पाठिंबा म्हणून सह्या गोळा केल्या, हिनं सही केली नाही. त्याच वर्षी कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये होयर्सवेर्डा सोडून ती नॉयब्रांडेनबुर्गला गेली. मग शेवटची चार-पाच वर्षं आजारपण आणि ती कादंबरी यांची शर्यत. आजारपण जिंकलं.

आता तुझ्या कामाचं येतं.

ती गेली आणि पुढच्याच वर्षी, १९७४मध्ये, नॉयेस लेबेन या प्रकाशनानं कादंबरी काढली. कापून. जवळपास चार टक्के मजकूर काढलेला. तुला वाटेल चार टक्के म्हणजे काय, मीठ जेवणात तेवढंही नसतं, पण काढून बघ. काय काढलं तर जे नेमकं खुपणारं होतं ते. आणि एक लक्षात घे, कापणारे कुणी तिचे शत्रू नव्हते, पुस्तक निघावं अशी इच्छा असलेलीच माणसं ती, तुझ्या चुलतबहिणीसारखी. आणि पुस्तक निघालं, गाजलं, लोकांनी हाताळून हाताळून फाडलं, १९८१मध्ये त्यावर 'आमचं छोटं आयुष्य' अशा नावाचा सिनेमासुद्धा आला. म्हणजे कापून छापणं वायाच गेलं असं मी म्हणणार नाही, न छापण्यापेक्षा ते बरंच होतं, त्या देशात दुसरा रस्ताच नव्हता. पण पुढे जे झालं ते शक्य कशामुळे झालं ते बघ: मूळ हस्तलिखित कुणी जाळलं नाही. बर्लिनची भिंत पडली, देश गेला, आणि १९९८मध्ये आउफबाउ प्रकाशनानं न कापलेली प्रत काढली. चोवीस वर्षांनी. आणि त्या प्रतीतही शेवटचं प्रकरण अपुरंच आहे, कुणी शहाण्यानं ते पूर्ण केलेलं नाही.

म्हणून तो जो प्रकाशक तुला म्हणाला ना शेवट तुम्हीच लिहा, त्याला नमस्कार करून कागद परत आण. आजच. झेरॉक्स ठेवून घेतली असेल तर तीही. आत्याची गोष्ट जिथे थांबली तिथे ती थांबली, खाली एक ओळ घालायची की हस्तलिखित इथे संपतं, वाचकाला तेवढी अक्कल असते. अर्धवट वाक्य असलं तर अर्धवट वाक्य. तूच सांग, तुला शेवट लिहायचाय का? असेल तर स्वतःची कादंबरी लिही, तिथे हवे तितके शेवट कर.

डायऱ्यांचं मात्र वेगळं आहे आणि अवघड आहे. कादंबरी ती छापायलाच लिहीत होती, डायरीचं तसं म्हणता येत नाही. यात रायमाननं एक फार कामाची गोष्ट करून ठेवलीय, तिनं १९५९मध्ये आपल्या आधीच्या, शाळकरी वयापासूनच्या डायऱ्या स्वतःच्या हातानं जाळल्या. म्हणून छापील डायऱ्या १९५५पासून सुरू होतात. म्हणजे या बाईला काडी ओढता येत होती, काय ठेवायचं आणि काय नाही हे कळत होतं. आणि त्यानंतर पुढे पाच वर्षं कॅन्सर अंगावर असताना, मरण दिसत असताना, तिनं बाकीच्या जाळल्या नाहीत.

आता तुझ्या आत्याकडे बघ. मराठीच्या बाई. कपाटाला किल्ली होती का? २२ वह्या एकाच ठिकाणी, ओळीनं लावलेल्या होत्या की इकडेतिकडे कोंबलेल्या? वर्षं घातली होती का वर? मधलं एखादं वर्ष गायब आहे का? पानं फाडलेली दिसतात का, शाईनं गिरवून खोडलेलं काही? हे सगळं बघून लिहून ठेव, त्या वह्या हलवायच्या आधी फोटो काढून ठेव कपाटाचा. कारण मृत्युपत्र नसलं तरी माणूस मागे काहीतरी मांडून जातो, आणि शाळेत तीसेक वर्षं पेपर तपासलेल्या बाईनं वह्या नंबर घालून ठेवल्या असतील तर त्याचा अर्थ 'रद्दीत द्या' असा होत नाही, एवढं मला कळतं. उलट शेवटच्या आजारपणात ती कुणाला म्हणाली असेल की त्या वह्यांचं तेवढं करून टाका, तर मग माझं हे सगळं उत्तर गुंडाळून ठेव आणि तिचं ऐक. विचार घरात, कामवाल्या मावशींनाही विचार, त्यांना घरच्यांपेक्षा जास्त माहीत असतं.

रायमानच्या डायऱ्या एकदम आल्या नाहीत हेही बघ. पहिल्यांदा १९८३मध्ये, ती जाऊन दहा वर्षं झाल्यावर, पत्रं आणि डायऱ्या यातली फक्त एक निवड निघाली, तीही सरकारला चालेल तेवढी. मग १९९३मध्ये क्रिस्टा वोल्फ, तीही तिथलीच मोठी लेखिका, आणि रायमान यांनी एकमेकींना लिहिलेली पत्रं. या दोघींची मैत्री १९६३मध्ये मॉस्कोच्या एका प्रवासात जमली, स्वभाव दोन टोकांचे, वोल्फ विचार करून पाऊल टाकणारी आणि ही आधी उडी मारून मग खाली बघणारी, पण शेवटपर्यंत टिकली, आणि ती पत्रं वोल्फ जिवंत असताना, तिच्या संमतीनं आली. पूर्ण डायऱ्या १९९७ आणि ९८मध्ये आल्या. म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांनी. पहिल्या खंडाचं नाव 'मला कशाचाही पश्चात्ताप नाही' आणि दुसऱ्याचं 'सगळ्याला निरोपाची चव आहे', नावं वाचूनच कळतं मधल्या वर्षांत काय झालं ते.

आणि त्या डायऱ्या वाचताना ती काही गोड बाई वाटत नाही गं. मला तर शंभर पानांवर राग आला होता, ठेवून दिलं होतं पुस्तक. कुणाच्या संसारात शिरते, स्वतःचं कौतुक करते, मग त्याच पानावर स्वतःला चाबकानं फोडते, आज या पुरुषाशिवाय जगणार नाही आणि पुढच्या महिन्यात दुसरा. १९५७मध्ये स्टासी या गुप्त पोलिसांनी तिला गाठून सही घेतली होती, खबरी म्हणून टोपणनावसुद्धा दिलं होतं. ती लवकरच त्यातून बाहेर पडली, लेखकांमध्ये ते उघड केलंन, आणि मग त्यांनी तिच्यावरच नजर ठेवली. आता विचार कर, हे कुणीतरी 'तसलं' म्हणून काढून टाकलं असतं, चार नवरे नकोत, दारू नको, स्टासी तर नकोच, तर काय उरलं असतं? पोलिओवर मात करून मोठ्या झालेल्या एका आदर्श लेखिकेचा शाळेच्या गॅदरिंगमधला धडा. आपल्याकडे ते फार चालतं, गेलेल्या माणसाला सोवळं नेसवून देव्हाऱ्यात बसवायचं. चुलतबहिणीच्या मनात वाईट काही नाही, पण तिला जी छापायचीय ती आत्या नाहीच, ती दुसरीच कुणीतरी बाई आहे, तिचं नाव होऊन तुझ्या आत्याला काय मिळणार?

इथे माझं एक पाप सांगते. माझ्या वडिलांची आईला लिहिलेली पत्रं होती, साठेक. मी ती मोठ्या हौसेनं टाइप केली भावंडांसाठी, आणि टाइप करताना कुठे आजीबद्दल कडवट होतं, कुठे पैशाची रड होती, ती वाक्यं गाळत गेले, म्हटलं कशाला उगाच, आपलेच दात आणि आपलेच ओठ. मूळ पत्रं एका नातेवाइकाकडे ठेवायला दिली, त्यांच्याकडे वाळवी लागली. आता माझ्याकडे वडिलांची जी पत्रं आहेत त्यात ते कधीच चिडत नाहीत. असा माणूस आमच्या घरात नव्हता हो.

म्हणून माझं एवढंच ठाम म्हणणं आहे, जपणं आणि छापणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि तुम्ही तिघं त्यांचं एकच भांडण करून बसलाय. जपायचं सगळं, एक अक्षर न काढता, आत्ता. छापायचं काय, किती, कधी, याची घाई कुणालाच नाही. बाबांना हेच सांग. त्यांना भीती कसली आहे, की लोक वाचतील. तर लोक आज वाचत नाहीयेत, एका पेटीत कुलूप लावून ठेवतोय, बास. पंचवीस वर्षांनी कोण कशाला चिडेल? तो शाळेतला माणूस जिवंत आहे का, त्याची बायकोमुलं आहेत का, त्याच गावात राहतात का, हे मात्र खरंच बघायला हवं, कारण त्यांनी काही तुझ्या आत्याची डायरी लिहिली नाहीये, त्यांच्या घरात बॉम्ब टाकायचा हक्क तुला नाही. नाव बदल, गाव बदल, आणि तसं बदललंय हे पुस्तकात सांग. गाळलं तर तीन टिंबं टाक म्हणजे कळेल की इथे काहीतरी होतं. न सांगता गाळणं, आणि वर तिची वाक्यं सुधारणं, हे दोन मात्र करू नकोस.

आणि कधी कधी जे कुणी जपत नाही तेही आपसूक जपलं जातं, त्याची एक गोष्ट ऐक, मला ही सगळ्यात आवडते. १९६३मध्ये रायमानचं 'भावंडं' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक आलं होतं, बहीण चित्रकार, तिचा भाऊ पश्चिम जर्मनीत पळून जायला निघालाय आणि ती त्याला थांबवायला बघतेय. हिचा स्वतःचा एक भाऊ १९६०मध्ये तसाच गेलेला, म्हणजे कुठून आलं ते कळतंच. त्या पुस्तकाला १९६५चं हाइनरिख मान पारितोषिक मिळालं. आणि तेही छापताना सौम्य केलेलं होतं, ती जिवंत असतानाच. तर २०२२मध्ये होयर्सवेर्डाला ती पूर्वी राहायची त्या इमारतीत काम चाललं होतं आणि जिन्याखालच्या कोठडीत कागद सापडले, त्यात या पुस्तकाची सुरुवातीची प्रकरणं, मूळची, न सौम्य केलेली. साठ वर्षं जिन्याखाली! २०२३मध्ये त्यावरून नवी आवृत्ती निघाली, आणि त्याच वर्षी तिचं एक भलंमोठं चरित्रही आलं, कार्स्टन गान्झेल यांचं. ज्या होयर्सवेर्डाला तिनं एवढं फैलावर घेतलं तिथल्या लायब्ररीला आज तिचंच नाव आहे, आणि नॉयब्रांडेनबुर्गला तिच्या नावाचं साहित्यघर आहे, सुट्टी काढून जाच तिथे, आणि लेखकाचे कागद कसे ठेवतात ते डोळ्यांनी बघून ये. पण जिन्याखाली साठ वर्षं टिकायला जर्मनीची थंड कोरडी हवा असावी लागते, कराडच्या पावसाळ्यात आणि उंदरांत तुझ्या वह्या सहा वर्षं टिकणार नाहीत.

तर कामाचं. गावी जाशील तेव्हा निदान दहा दिवस काढ. वह्या धूळ झटकून, उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर ठेव. पिना, रबरबँड काढून टाक, गंजतात आणि चिकटतात. सेलोटेप कशालाही लावू नकोस. प्रत्येक पान स्कॅन कर, कोरी पानं आणि मलपृष्ठसुद्धा, मागे धोब्याचा हिशोब असला तरी, कधी कधी तारीख त्यावरूनच लागते. फोनवरचं स्कॅनचं अ‍ॅप चालेल पण दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता. दोन हार्ड डिस्क, एक तुझ्याकडे आणि एक कराडला, शिवाय ऑनलाइन एक कॉपी. मूळ वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नकोस, घाम येतो कागदाला, पुठ्ठ्याच्या नाहीतर पत्र्याच्या पेटीत ठेव, डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटू न देता.

आणि एक गोष्ट जी तुमच्या तिघांच्याही डोक्यात आलेली दिसत नाही. या वह्यांवर हक्क कुणाचा? तू लिहितेस बाबा म्हणतात, बहीण म्हणते. पण मृत्युपत्र न करता, नवरा आणि मूल नसताना हिंदू बाई गेली, तर १९५६च्या वारसा कायद्याप्रमाणे तिचं स्वतःचं जे काही आहे ते आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, माहेरच्यांकडे नाही, आईवडिलांकडून आलेलं असेल तेवढं सोडून. अन्यायच आहे तो, मी म्हणत नाही बरोबर आहे, पण आहे तसा आहे. आणि कॉपीराइट हीसुद्धा मालमत्ताच. म्हणजे आत्याच्या दिराला, किंवा दिराच्या मुलाबाळांना न विचारता तुम्ही ना छापू शकता, ना खरं म्हणजे रद्दीत देऊ शकता. तुझ्या अख्ख्या पत्रात तिच्या सासरचा एक माणूस नाही. त्यांना आधी शोध. बहुतेक वेळा लोक म्हणतात घेऊन जा बाई, आम्हाला काय करायचंय, पण ते कागदावर लिहून घे, सहीनिशी, आणि कराडच्याच एखाद्या वकिलाला दाखव, माझ्या भरवशावर राहू नकोस. मरणानंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाचा कॉपीराइट आपल्याकडे छापल्यापासून साठ वर्षं चालतो, म्हणजे हे प्रकरण तुझ्या नातवंडांपर्यंत जाणारं आहे, आत्ताच नीट लावून ठेव. जर्मनीत लेखक गेल्यावर सत्तर वर्षं असतात, रायमानचं लेखन २०४४पर्यंत कुणाला मोकळं नाही.

कादंबरी कशी आहे ते तू सांगितलंच नाहीस बघ. चांगली आहे का? चारशे पानं वाचलीस का सगळी, की नुसती चाळलीस? मी तुझ्या जागी असते तर वह्या बाजूला ठेवून आधी कादंबरी वाचली असती, कारण आत्यानं दुनियेला जे दाखवायचं ठरवलं होतं ते तिथे आहे. वह्यांतल्या भानगडीत आपण सगळेच आधी हात घालतो, मीसुद्धा रायमानच्या डायऱ्या आधी वाचल्या आणि कादंबरी अजून वाचलेली नाही, आता जर्मनवाचून अडलंय, तेव्हा तुझं जर्मन सुधारलं की तीच वाच आणि मला सांग.

आता ता.क. तू ते शेवटी लिहिलंस पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंस ना? बाबांना रद्दी हवी कारण वह्यांत त्यांच्याबद्दल चांगलं नाही. आणि तुला एक पान फाडायचंय. चुलतबहिणीबद्दल काय लिहिलंय ते तू सांगितलं नाहीस पण असणार काहीतरी. लागलं असेल गं, आपल्या लाडक्या माणसानं आपल्याबद्दल पाठीमागे काय लिहिलं ते वाचायला लागू नये कुणाला. पण ते तिनं एका संध्याकाळी, कुठल्या तरी रागात किंवा काळजीत लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी तुला फोन करून जेवलीस का विचारलं असेल, हे दोन्ही खरं असतं.

स्कॅन करायला बसशील तेव्हा पहिली ती वही घे आणि पहिलं ते पान. झालं की मला एक ओळ पाठव. त्यात काय लिहिलंय ते मात्र सांगू नकोस.